गंधक मुद्दाम घातलेलं स्टेनलेस

पोलादाचं टेस्ट सर्टिफिकेट वाचलं, तर गंधकाच्या रकान्यात बहुतेक वेळा 'जास्तीत जास्त' अशी मर्यादा दिसते. नेहमीच्या ३०४ स्टेनलेसमध्ये ती ०.०३० टक्के असते. ३०३ या ग्रेडला मात्र 'किमान ०.१५ टक्के' अशी अट आहे. क्रोमियम १७ ते १९ आणि निकेल ८ ते १० टक्के, म्हणजे बाकी घडण जवळपास ३०४ सारखीच. जे काढून टाकण्यासाठी पोलाद कारखाने एवढा खर्च करतात, त्याचाच इथे आग्रह का, हे लेथवर उभं राहिलं की कळतं.

३०४ चा राउंड बार टर्निंगला, म्हणजे लेथवर फिरवत कापायला लावला की चिप, म्हणजे निघणारा धातूचा कीस, तुटता तुटत नाही. ती लांबच लांब निघते, जॉबला (कापल्या जाणाऱ्या तुकड्याला) आणि चकला (त्याला धरणाऱ्या पकडीला) गुंडाळते, मग मशीन थांबवून हुकाने ओढून काढावी लागते. शिवाय हे पोलाद कापलं जाताना वरून कडक होत जातं. टूल न कापता नुसतं घासलं, तर पुढच्या कटला आधीपेक्षा कठीण थर समोर येतो आणि इन्सर्टची, म्हणजे टूलच्या कापणाऱ्या तुकड्याची, धार लवकर जाते. ३०३ लावला की ट्रेमध्ये छोट्या, तुटक चिप पडत राहतात आणि स्पीडही वाढवता येतो. एका ठरावीक फ्री कटिंग (सहज कापल्या जाणाऱ्या) पोलादाला १०० गुण देणाऱ्या जुन्या अमेरिकी मोजपट्टीवर ३०४ ला साधारण ४५, तर ३०३ ला ७५ च्या आसपास गुण मिळतात.

हे गंधक घट्ट पोलादात जवळजवळ विरघळत नाही. मॅंगनीजशी त्याचं संयुग होऊन मॅंगनीज सल्फाइडचे बारीक कण तयार होतात, आणि बार रोल होताना ते लांबीच्या दिशेने ताणले जातात. पॉलिश केलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर ते करड्या रेघांसारखे दिसतात. तिकिटांच्या पानावरच्या भोकांच्या ओळीप्रमाणे हे कण चिपला तुटायला जागा देतात, आणि टूलच्या तोंडाशी वंगणासारखे पसरून घर्षणही कमी करतात.

याची किंमत मात्र गंजात मोजावी लागते. क्रोमियम ऑक्साइडचा संरक्षक थर या कणांपाशी कमकुवत असतो आणि खाऱ्या पाण्यात खड्डे बहुतेक तिथूनच सुरू होतात. वेल्डिंग केलं तर थंड होताना चिरा पडण्याचा धोका असतो. रेघांच्या आडव्या दिशेला चिवटपणाही कमी भरतो. पॅसिव्हेशन (आम्लात बुडवून संरक्षक थर पक्का करणं) करतानासुद्धा जपावं लागतं: साध्या नायट्रिक आम्लात हे कण खाल्ले जाऊन चकचकीत जॉब काळवंडू शकतो.

म्हणूनच नुसतं 'एसएस' (स्टेनलेस स्टील) किंवा 'एसएस ३०३' लिहिलेलं ड्रॉइंग मला अपुरं वाटतं. अमेरिकी एएसटीएम ए५८२ हे मानक खास फ्री कटिंग स्टेनलेसच्या बारसाठी आहे. त्यात ३०३ च्या गंधकाला खालची मर्यादा आहे, वरची नाही. युरोपचा १.४३०५ हा त्याचा जोडीदार मानला जातो, पण तिथे गंधक ०.१५ ते ०.३५ टक्क्यांतच बसावं लागतं. कार्बन अमेरिकेत ०.१५ पर्यंत चालतो, युरोपात ०.१० पर्यंत. फॉस्फरसमध्ये तर फरक मोठा आहे: अमेरिकेत ०.२० पर्यंत, युरोपात ०.०४५ पर्यंत. तुलना-तक्त्यात दोघं एकाच ओळीत असतात, म्हणून एकाच्या सर्टिफिकेटवर दुसऱ्याचा माल आकडे न ताडता घेऊ नये.

स्टेनलेसच्या बोल्टच्या डोक्यावर ए२ किंवा ए४ कोरलेलं असतं. ए२ म्हणजे ३०४ चं घराणं, ए४ म्हणजे ३१६ चं. क्वचित ए१ दिसतं, ते या गंधकवाल्या पोलादाचं. घरातल्या, कोरड्या जागेच्या यंत्राला ते खुशाल वापरावं. समुद्रकाठच्या रेलिंगला, आम्लाच्या टाकीला किंवा पुढे वेल्ड होणार असलेल्या जोडाला ते लावू नये.