गाडीतला वाटाड्या : उपग्रहाला काय कळतं आणि नकाशाला काय कळत नाही

जानेवारी २०२१. पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली एक गाडी रात्रीच्या अंधारात अकोले तालुक्यात कोतूळजवळ पोचली. रस्ता ओळखीचा नव्हता, फोनवरचा नकाशा सांगेल तशी गाडी चालली होती. नकाशाने पुलावरून जायला सांगितलं. तो पूल त्या वेळी पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली होता. गाडी थेट पाण्यात गेली. तिघांपैकी दोघं पोहून बाहेर आले, एकाचा जीव गेला.

अशी बातमी आली की ‘जीपीएसने घात केला’ असं सर्रास म्हटलं जातं. पण नीट विचार केला तर गाडी अंधारात, अनोळखी मुलखात पुलाच्या तोंडाशी बरोबर पोचली होती. उपग्रहांचं काम तेवढंच असतं आणि ते चोख झालं होतं. पूल पाण्याखाली आहे, हे माहीत नव्हतं ते नकाशाला.

गाडीच्या काचेला लावलेलं यंत्र आपल्याला एकसंध वाटतं. प्रत्यक्षात त्यात तीन निरनिराळी कामं चाललेली असतात. आपण पृथ्वीवर नेमके कुठे आहोत हे काढायचं, ती जागा नकाशावर बसवायची आणि पुढची वाट निवडायची. पहिल्या कामाला उपग्रह लागतात. दुसऱ्याला कुणीतरी आधी काढून ठेवलेला नकाशा लागतो. तिसऱ्याला गणित लागतं आणि रस्त्यांची ताजी खबर लागते. तिन्ही ठिकाणी चुका होतात, पण त्या एकसारख्या नसतात. कोणती चूक कुठून आली हे ओळखता आलं, तर यंत्रावर कधी विसंबायचं आणि कधी गाडी थांबवून माणसाला विचारायचं, हे ठरवता येतं. म्हणून हा लेख.

आधी एक मोठा गैरसमज. उपग्रह वरून आपल्याला पाहत नाही. आपण कुठे आहोत याचा त्याला पत्ताही नसतो. अमेरिकेच्या जीपीएस यंत्रणेचे तीसेक उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून दिवसात दोन फेऱ्या मारतात आणि सतत दोनच गोष्टी सांगत राहतात : माझ्या घड्याळात आत्ता किती वाजले आणि मी कुठे आहे. आपला फोन फक्त ऐकतो, उलट काहीच पाठवत नाही. म्हणूनच फोन ‘एअरप्लेन मोड’वर असला तरी जागा कळू शकते, आणि नकाशा आधी उतरवून ठेवला असेल तर रेंज नसलेल्या घाटातही दिशा मिळते.

नुसत्या वेळेवरून जागा कशी कळते? वळवाच्या पावसात वीज चमकली की आपण गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजतो आणि वीज किती लांब पडली याचा अंदाज बांधतो. फोन हेच करतो, फक्त आवाजाऐवजी रेडिओलहरींवर. लहर उपग्रहातून निघाली कधी आणि फोनपर्यंत आली कधी, यातल्या फरकाला प्रकाशाच्या वेगाने गुणलं की अंतर मिळतं. उपग्रह डोक्यावर असेल तर हा प्रवास सेकंदाच्या जेमतेम ७ शतांश भागात उरकतो. एका उपग्रहापासूनचं अंतर कळलं तर आपण त्याच्याभोवतीच्या एका प्रचंड गोलावर कुठेतरी आहोत एवढंच समजतं. दुसरा गोल पहिल्याला छेदतो, तिसरा त्या दोघांना, आणि जागा पक्की होत जाते.

तिनांवर भागायला हवं होतं, पण चार उपग्रह लागतात. कारण फोनमधलं घड्याळ साधं, क्वार्ट्झचं असतं. प्रकाश एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, ३०० मीटर जातो. घड्याळ तेवढंसं चुकलं तरी आपण पुढच्या चौकात जाऊन पडू. उपग्रहांत सीझियम किंवा रुबिडियमची आण्विक घड्याळं असतात. तसं घड्याळ फोनमध्ये बसवणं परवडणारं नाही. मग फोन आपल्या घड्याळाची चूक हीच चौथी अज्ञात संख्या धरतो आणि चौथ्या उपग्रहाच्या मदतीने तीही सोडवतो. मला या साऱ्या यंत्रणेतली ही सगळ्यात देखणी कल्पना वाटते. खिशातलं साधं घड्याळ उपग्रहांच्या आधाराने जवळजवळ आण्विक घड्याळाइतकं खरं बोलू लागतं.

आइन्स्टाइनचा हिशेबही इथे रोज कामाला येतो. वेगाने धावणारं घड्याळ हळू चालतं, या परिणामामुळे उपग्रहाचं घड्याळ दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागे पडतं. त्या उंचीवर गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे ते ४५ मायक्रोसेकंद पुढेही जातं. वजाबाकी करून उरतात ३८. ही दुरुस्ती केली नाही तर अंतरातली चूक दिवसाला सुमारे ११ किलोमीटरने वाढत जाईल. म्हणून ही घड्याळं जमिनीवर असतानाच किंचित हळू लावून मग वर पाठवतात.

हे सिग्नल अतिशय क्षीण असतात. एका वॅटचे एक कोटी भाग करा, त्यातल्या एका भागाचे पुन्हा १०० कोटी भाग करा. जवळपास तेवढीच शक्ती आपल्यापर्यंत पोचते. रिसीव्हरमधल्या विजेच्या स्वाभाविक खरखरीखाली ती बुडून गेलेली असते. तरी सापडते, कारण प्रत्येक उपग्रहाला १,०२३ शून्य-एकांची स्वतःची सांकेतिक माळ दिलेली आहे आणि नागरी सिग्नलात ती दर मिलिसेकंदाला पुन्हा येते. फोनकडे त्याच माळेची प्रत असते. ती पुढे-मागे सरकवत फोन खरखरीत जुळणी शोधतो. जुळली की उपग्रह कोणता हेही कळलं आणि सिग्नलला किती उशीर झाला हेही. पण इतक्या क्षीण सिग्नलचा गळा दाबणंही सोपं असतं. अमेरिकेत एका ट्रकचालकाने मालकाला आपला ठावठिकाणा कळू नये म्हणून गाडीत छोटा जॅमर लावला आणि नेवार्क विमानतळाजवळून जाता-येता तिथल्या विमानांसाठीच्या उपकरणांत बिघाड आणला. २०१३ मध्ये त्याला सुमारे ३२ हजार डॉलरचा दंड ठोठावला गेला.

नेहमीच्या वापरात उपयोगी पडेल अशी एक गोष्ट इथेच सांगतो. उपग्रह आपल्या कक्षेची माहिती फक्त ५० बिट प्रतिसेकंद या गतीने पाठवतो, त्यामुळे ती पूर्ण मिळायला अर्धा मिनिट लागतो. फोन हीच माहिती मोबाइल नेटवर्कवरून चटकन मिळवतो. गाडीतल्या स्वतंत्र यंत्राला, किंवा रेंज नसलेल्या फोनला, तो अर्धा मिनिट मोकळ्या आकाशाखाली थांबावंच लागतं. इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमधून निघता निघता यंत्र गोंधळतं ते यामुळे. बाहेर येऊन क्षणभर थांबलं तर पहिलं वळण चुकत नाही.

मोकळ्या आकाशाखाली साधा स्मार्टफोन साधारण पाच मीटरच्या आत जागा सांगतो. नकाशावरच्या निळ्या ठिपक्याभोवती फिकट वर्तुळ दिसतं, ते नीट पाहायची सवय लावून घ्यावी. आपली किती चूक होऊ शकते हे फोन त्या वर्तुळातून सांगत असतो. वर्तुळ फुगलं की समजावं, आत्ता भरवसा कमी.

ते फुगायला कारणं बरीच असतात. लोअर परळसारख्या भागात सिग्नल काचेच्या उंच इमारतींवर आपटून फोनपर्यंत येतो. वाट लांबते, अंतर जास्त भरतं आणि ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो. घाटात एका बाजूचा डोंगर अर्धं आकाश खातो आणि दिसणारे उपग्रह एकाच बाजूला गोळा होतात. अशा वेळी उपग्रहांभोवतीचे ते गोल एकमेकांना तिरके छेदतात आणि छेदबिंदू फाटतो. काही गाड्यांच्या काचांवर ऊन परतवणारा धातूचा पातळ थर असतो. तोही सिग्नल अडवतो, आणि यंत्र डॅशबोर्डवर कितीही सरकवलं तरी फरक पडत नाही.

भारतात आणखी एक अडचण आहे, जी युरोप-अमेरिकेतल्या चालकांना एवढी जाणवत नाही. शंभर किलोमीटरच्या आसपास सुरू होऊन बरंच वर पसरलेल्या आयनांबरातून, म्हणजे हवेच्या विद्युतभारित थरातून, जाताना सिग्नल रेंगाळतो. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त आपल्या दक्षिण टोकाजवळून जातं. १९६३ मध्ये भारतातून सोडलेल्या पहिल्या रॉकेटसाठी केरळातलं थुंबा निवडलं गेलं ते याच कारणाने. त्या पट्ट्यातले विद्युतभारित कण दिवसा वर उचलले जातात आणि उत्तर-दक्षिणेला उतरून दाट होतात. उत्तरेकडचा दाट पट्टा साधारण गुजरात-मध्य प्रदेशाच्या आकाशात येतो, आणि महाराष्ट्र त्याच्या उतारावर आहे. उपाय म्हणजे दोन वेगवेगळ्या वारंवारतांचे सिग्नल एकदम ऐकणं. दोघांना होणारा उशीर वेगवेगळा असतो आणि त्यातल्या फरकावरून मूळ चूक काढून टाकता येते. ही सोय आता बऱ्याच फोनमध्ये आली आहे. नवा फोन घेताना कॅमेऱ्याच्या जोडीने ‘ड्युअल फ्रिक्वेन्सी जीपीएस’ आहे का, हेही विचारावं.

उंचीच्या बाबतीत यंत्र मुळातच कच्चं असतं. पृथ्वी मध्ये येत असल्यामुळे उपग्रह फक्त वरच्या बाजूला दिसतात, खालून कुणी साक्ष द्यायला नसतं. म्हणून आपण जे. जे. उड्डाणपुलावर आहोत की खाली मोहम्मद अली रोडवर, हे त्याला ठरवणं जड जातं. चालक पुलावर असताना त्याला ‘डावीकडे वळा’ असं ऐकू येतं, ते याच कमतरतेमुळे.

बोगद्यात तर सिग्नलच नसतो. तरी समृद्धी महामार्गावरच्या इगतपुरीजवळच्या सुमारे ८ किलोमीटरच्या बोगद्यात ठिपका पुढे सरकत राहतो. फोनमधला जायरोस्कोप वळण मोजतो, त्वरणमापक वेगातला बदल मोजतो, आणि गाडीत बसवलेल्या यंत्राला चाकांचे फेरेही कळतात. शेवटच्या पक्क्या जागेपासून पुढचा अंदाज बांधत नेला जातो. ही युक्ती जीपीएसच्या आधीची आहे. १९८१ मध्ये होंडाने ‘इलेक्ट्रो गायरोकेटर’ नावाचं यंत्र विकायला काढलं होतं. हेलियम वायूच्या झोतावर चालणारा जायरोस्कोप, एक छोटा पडदा आणि त्यावर हाताने सरकवायचे पारदर्शक नकाशे. उपग्रह एकही नाही. पण अंदाजावर अंदाज चढत गेला की चूकही चढत जाते. लांब बोगद्यातून बाहेर पडल्यावर पहिले काही क्षण यंत्राचं ऐकू नये ते यासाठी. उभ्या गाडीतल्या बाणाचंही तेच. गाडी चालू लागल्यावर जागा कशी बदलते यावरून खरी दिशा कळते, उभी असताना ती फोनमधल्या चुंबकीय होकायंत्रावरून काढलेली असते, आणि गाडीच्या पत्र्याजवळ ते होकायंत्र हमखास भरकटतं.

इथपर्यंतच्या चुका मीटरांत मोजता येतात. नकाशाच्या चुका तशा मोजता येत नाहीत, आणि जीव जातो तो बहुधा त्यांच्यामुळे. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या पुलावरून गाडी खाली कोसळून तिघं गेले. पुराने पुलाचा भाग वाहून गेला होता, नकाशात पूल अखंड होता. वाट निवडणारं गणित रस्त्यावरच्या इतर फोनच्या वेगावरून वाहतुकीचा अंदाज घेतं. मुंबईत हजारो फोन एकाच रस्त्यावर असतात, तिथे हा अंदाज उत्तम बसतो. रात्री दहानंतर तालुक्याच्या रस्त्यावर एकही फोन नसेल, तर शांत रस्ता आणि बंद रस्ता यांतला फरक त्याला दिसत नाही. पाणंद रस्ता अंतराने कमी असेल तर ते तोही सुचवतं. वरंधा घाट पावसाळ्यात दरडींमुळे अनेकदा बंद ठेवतात, पण जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश नकाशात लगेच उतरेलच असं नाही. माझं स्पष्ट मत आहे की पूल खचला, रस्ता वाहून गेला किंवा घाट बंद केला, तर ती नोंद नकाशा कंपन्यांकडे त्याच दिवशी पोचवणं हे बांधकाम खात्याच्या कामाचाच भाग मानलं पाहिजे, आणि रस्त्यावर आडवा अडथळा उभा करणं त्याच्याही आधी. आपल्यालाही ॲपमधून बंद रस्ता कळवता येतो. मिनिटभराचं काम आहे.

आता हे उपग्रह कुणाचे? जीपीएस अमेरिकी लष्कराने उभारलं. सप्टेंबर १९८३ मध्ये वाट चुकलेलं कोरियन प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानाने पाडलं आणि २६९ माणसं गेली. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी जीपीएस नागरी वापरासाठी खुलं करण्याची घोषणा केली. तरी नागरी सिग्नलात मुद्दाम चूक मिसळलेली असायची, जागा शंभर मीटरपर्यंत हुकायची. मे २००० मध्ये ती चूक काढून टाकली गेली, आणि गाडीतली यंत्रं घरोघर पोचली ती त्यानंतर. आज रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बायडू या यंत्रणाही आपला फोन ऐकतो.

भारताची स्वतःची ‘नाविक’ नावाची यंत्रणा वेगळी आखलेली आहे. सात उपग्रह, सुमारे ३६ हजार किलोमीटरवर, कायम आपल्या आकाशात. भारत आणि सीमेपलीकडे १,५०० किलोमीटर एवढाच तिचा प्रदेश. पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी गेला. पण आयात केलेली रुबिडियम घड्याळं एकामागून एक बंद पडू लागली, आणि घड्याळ गेलं की उपग्रह फिरत राहूनही जागा सांगू शकत नाही. मे २०२३ मध्ये देशी आण्विक घड्याळ घेऊन एनव्हीएस-०१ हा नव्या मालिकेतला उपग्रह वर गेला. त्यात साध्या फोनना ऐकता येईल अशी एल-१ वारंवारताही आहे. जानेवारी २०२५ मधल्या एनव्हीएस-०२ ची, इंधन जळायला लागणाऱ्या ऑक्सिडायझरची झडप उघडली नाही आणि तो ठरलेल्या कक्षेत पोचलाच नाही. त्या वर्षाच्या मध्यावर स्थान सांगण्याचं काम पूर्णपणे करणारे उपग्रह चारच होते, म्हणजे गणित सुटायला लागतात तेवढेच. नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत स्थानदर्शक यंत्र आणि आणीबाणीचं बटण १ जानेवारी २०१९ पासून सक्तीचं आहे. एखाद्या प्रवासी महिलेने रात्री ते बटण दाबलं, तर गाडी कुठे आहे हे आपल्याच उपग्रहांवरून कळावं, यासाठी एनव्हीएस मालिकेतले उरलेले उपग्रह लवकर वर जायला हवेत.