रुग्णाची हतबलता : शाहू महाराजांच्या हुकुमापासून संमतीपत्रापर्यंत

आजारी माणसाच्या हतबलतेचा फायदा कुणी उठवू नये, ही गोष्ट नियमात उतरली ती फार मोठी किंमत मोजल्यावर. नाझी छळछावण्यांतल्या प्रयोगांबद्दल डॉक्टरांवर खटला चालला आणि माणसांवरच्या प्रयोगांचे नियम घालून देणाऱ्या 1947 च्या न्यूरेम्बर्ग संहितेनं ऐच्छिक संमतीला पहिलं कलम दिलं. तरीही अमेरिकेत 1932 पासून सुरू असलेला टस्कीगी गावचा प्रयोग, उपचार न करता सिफिलिस हा लैंगिक आजार कसा वाढतो हे पाहणारा, 1972 पर्यंत थांबला नाही. त्यातल्या 399 कृष्णवर्णीय पुरुषांना सिफिलिस होता. त्यांना आजाराचं नाव नीट सांगितलं नाही, त्यावरचं औषध पेनिसिलिन हाताशी आल्यावरही दिलं नाही. बहुतेक जण गरीब शेतकरी. फुकट तपासणी, जेवण आणि अंत्यविधीच्या खर्चाची हमी, एवढ्यावर ते येत राहिले. या प्रकरणानंतर 1979 मध्ये संशोधनातल्या नीतीवरचा बेल्माँट अहवाल आला. गरीब, अत्यवस्थ किंवा संस्थांत अडकलेली माणसं सहज हाती लागतात म्हणून त्यांना संशोधनात ओढू नये, असं त्यानं बजावलं.

दुबळे कोण हे असं ठरलं. त्यांना दुबळं कोण करतं, हा प्रश्न मात्र मागं राहिला, असं मला वाटतं. कोल्हापूर संस्थानानं त्याला कधीच हात घातला होता. जानेवारी 1919 मध्ये शाहू महाराजांनी सरकारी दवाखान्यांसाठी हुकूम काढला, की अस्पृश्य रुग्णांना इतरांच्या बरोबरीनं, प्रेमानं वागवावं. मिरजेच्या मिशन दवाखान्यातल्या डॉक्टरांचं उदाहरण त्यांनी समोर ठेवलं आणि हे ज्यांना जमणार नाही त्यांनी राजीनामा द्यावा, असं सांगितलं. हुकुमात रुग्णाला सबुरीचा उपदेश नाही. बदलायचं ते दवाखान्यानं! तापानं फणफणलेल्या माणसाला शिवायचं की नाही, हे ज्याच्या हातात होतं त्यालाच महाराजांनी जाब विचारला.

जगाच्या पातळीवर युनेस्कोच्या 2005 च्या जैवनीती आणि मानवी हक्कांवरच्या जाहीरनाम्यानं मानवी हतबलतेला स्वतंत्र आठवं कलम दिलं आणि संशोधनाबरोबर रोजचे उपचारही त्यात धरले. भारतात आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत दुर्बल गटांवर वेगळं प्रकरण आहे. नवी औषधं आणि त्यांच्या चाचण्यांबद्दलच्या 2019 च्या नियमांनुसार अशा गटातल्या व्यक्तीवर नव्या औषधी रेणूची चाचणी घ्यायची तर तिच्या संमतीचं दृकश्राव्य चित्रीकरण करावं लागतं.

हे झालं चाचण्यांचं. साध्या ऑपरेशनसाठी 2008 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल महत्त्वाचा. 44 वर्षांची महिला भुलीखाली असताना डॉक्टरांनी तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं होतं. जिवावरचा प्रसंग नव्हता, त्यामुळं ती संमती न्यायालयानं धरली नाही. सज्ञान रुग्णाला स्वतःला विचारलं पाहिजे, हे त्यातून स्पष्ट झालं.

आपल्याकडं वॉर्डात अजूनही पुकारा होतो, "पेशंटचं नातेवाईक कोण हाय?" चंदगडहून, गगनबावड्याहून आलेला मुलगा पुढं होतो आणि "सही कुठं करू?" एवढंच विचारतो. खाटेवरची आई शुद्धीत असते, दोघांचं बोलणं ऐकत असते. ऑपरेशन कशाचं आहे, हे तिला मुलगाच सांगेल असं सगळे धरून चालतात.