पाठ फिरवून खेळायचं बुद्धिबळ: हे खूळ आलं कुठून

2025 च्या नोव्हेंबरात गोव्यात हडफड्याला चेसचा वर्ल्ड कप भरला होता तेव्हा इथे सगळ्यांच्याच अंगात बुद्धिबळ संचारलेलं. आमच्या फोंड्यातल्या एका छोट्या क्लासमध्ये सरांनी मुलांना गंमत म्हणून पाच पटांवर एकाच वेळी ब्लाइंडफोल्ड, म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधल्यासारखं पट न बघता, खेळून दाखवलं. पट्टीबिट्टी काही नाही, प्लास्टिकची खुर्ची भिंतीकडे वळवली, समोर फक्त पतसंस्थेचं कॅलेंडर, आणि पाठीमागून मुलं चाली ओरडणार. चौथ्या पटावरची एक दहाएक वर्षांची मुलगी म्हणाली, "सर, घोडा डी-5." सर मान न वळवता म्हणाले, "बाय, तुझा घोडा सी-6 वर आहे. तिथून डी-4 ला जाता येतं, डी-5 ला नाही. परत बघ." तिने बघितलं, खरंच चुकलं होतं. पट तिच्या समोर होता, सरांच्या नाही! त्या रात्रीपासून मी या प्रकाराचं जुनं-पुराणं शोधत बसलो, त्यातलं जे हाताला लागलं ते इथे टाकतो.

पहिली गोष्ट म्हणजे नावातली पट्टी बहुतेक वेळा नसतेच. सातव्या शतकात अरबांमध्ये सईद बिन जुबैर नावाचा विद्वान पटाकडे पाठ करून खेळायचा, समोरच्याने काय चाल केली ते गुलामाला विचारायचा आणि आपली चाल सांगायचा, आणि आजही मूळ पद्धत तीच आहे. 1266 मध्ये फ्लॉरेन्सला बुझेका नावाच्या मुसलमान खेळाडूने तीन डाव एकदम खेळले, दोन न बघता आणि एक बघून, दोन जिंकला, एक बरोबरीत. पुढची पाचशे वर्षं मात्र एकटा-दुकटा कोणी न बघता खेळला तरी लोक तोंडात बोटं घालायचे, बस.

खरी चर्चा झाली ती फिलिडोरमुळे. हा फ्रेंच माणूस मुळात संगीतकार, ऑपेरा लिहायचा, आणि बुद्धिबळात त्याच्या काळी त्याला तोड नव्हती. 1782-83 मध्ये लंडनच्या क्लबात त्याने आधी दोन आणि मग तीन डाव एकदम न बघता खेळून दाखवले आणि पेपरवाल्यांनी तर मानवी बुद्धीचा कळस वगैरे करून टाकला. पण त्याचा मित्र दिदरो, तोच तो विश्वकोशवाला, त्याने चक्क पत्र लिहून कान उपटले. त्याने म्हाताऱ्या लेगालला विचारलं होतं, जो फिलिडोरचा गुरू, आणि लेगालचं म्हणणं असं की तरुणपणी मी एकदाच एक डाव असा खेळलो, डोकं इतकं शिणलं की पुन्हा त्या वाटेला गेलो नाही. फुशारकीपायी वेड लागायची जोखीम कशाला घेतोस, असा एकंदर पत्राचा सूर. फिलिडोरने ऐकलं नाही, आणि त्याला वेडही लागलं नाही, 68 व्या वर्षी नीट शुद्धीत गेला.

पण ही "डोकं फिरेल" ची भीती जी चिकटली ती चिकटलीच. अमेरिकेचा मॉर्फी 1858 मध्ये पॅरिसच्या कॅफे द ला रेजांसमध्ये आठ पटांवर न बघता खेळला, सहा जिंकले, दोन बरोबरीत, दहा तास जागचा हलला नाही, आणि पुढे त्याचं मानसिक बिघडलं तेव्हा लोकांनी बरोबर दोन नि दोन जोडले. पिल्सबरीचं तर फारच झालं. 1902 मध्ये मॉस्कोत 22 डाव एकदम खेळला आणि 1906 ला वयाच्या 33 व्या वर्षी गेला, खापर फुटलं ब्लाइंडफोल्डवर, खरं कारण सिफिलिस. सोव्हिएत संघात 1930 च्या सुमारास असल्या प्रयोगांवर सरळ बंदीच घातली, तब्येतीला धोका म्हणून. आता उलट बाजूला बघा: ब्लॅकबर्न जन्मभर असे शो करत फिरला आणि 82 वर्षं जगला, नायदॉर्फ 87, आणि कोल्टानोव्स्की तर 96! म्हणजे डोकं फिरतं म्हणणाऱ्यांनी हे हिशोबात धरलेलंच नाही.

विसाव्या शतकात नुसती आकड्यांची शर्यत लागली. रेती 1919 ला हार्लेमला एकदम 24 डाव, आलेखिन 1924 ला न्यूयॉर्कला 26, पुढच्याच वर्षी पॅरिसला 28, त्याच वर्षी साओ पावलोत रेती परत 29 (म्हणे सगळं संपवून तो बॅग विसरून निघाला, कोणीतरी आणून दिली तर म्हणाला आभारी आहे, माझी स्मरणशक्ती फार वाईट). आलेखिन 1933 ला शिकागोत 32. मग कोल्टानोव्स्की, 1937 ला एडिंबरा, 34 डाव, 24 जिंकले, 10 बरोबरीत, एकही हरला नाही. साडेतेरा तास. याच्यापुढे अजून काय करायचं असं वाटावं असा तो रिझल्ट.

आणि इथे नायदॉर्फ येतो. याची गोष्ट मला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त लागली म्हणून जरा लांबवतो. पोलंडचा ज्यू माणूस, 1939 ला ऑलिम्पियाडसाठी टीमबरोबर ब्युनोस आयर्सला गेला, स्पर्धा चालू असतानाच तिकडे युद्ध पेटलं, आणि हा अर्जेंटिनातच राहिला. बायको, मूल, आईवडील, भावंडं सगळी मागे. पत्र नाही, खबर नाही. तेव्हा त्याच्या डोक्यात आलं की आपण असं काहीतरी जगावेगळं केलं की ते जगभरच्या पेपरांत छापून येईल, तर तिकडे कोणीतरी वाचेल आणि आपण जिवंत आहोत, कुठे आहोत ते कळेल. म्हणून 1943 मध्ये रोसारिओला 40 डाव, 36 जिंकले. पुढे 1947 च्या जानेवारीत साओ पावलोला 45 डाव, साडेतेवीस तास, 39 जिंकले, 4 बरोबरीत, फक्त 2 हरला. कोणाकडूनही काही आलं नाही, घरातलं कोणी उरलंच नव्हतं. या खेळाला शोबाजी म्हणणाऱ्यांत मीही होतो, हे वाचल्यावर म्हणणं सोडलं.

त्याचा 45 चा आकडा मग 64 वर्षं टिकला. मधे 1960 ला बुडापेस्टला फ्लेशने 52 केले, पण त्यातले पुष्कळ डाव थोडक्या चालींत आटोपले होते, हरलेही बरेच, त्यामुळे जाणकार मंडळी तो रेकॉर्ड धरायला कचरतात. 2011 ला जर्मनीच्या मार्क लांगने झोन्टहाइमला 46 केले आणि डिसेंबर 2016 ला तिमूर गारेयेवने लास वेगासला 48, तेही एक्सरसाइजच्या सायकलवर बसून पॅडल मारत. 35 जिंकले, 7 बरोबरी, 6 हरला. पण नुसता पटांचा आकडा बघू नका असं माझं मत. पॉईंट मोजले तर गारेयेवचे 80 टक्क्यांच्या किंचित वर जातात, लांगचे 75, आणि नायदॉर्फचे 91! समोर कोण बसलं होतं हा प्रश्न आहेच, पण तरी.

आता हे जमतं कसं? आपल्याला वाटतं डोक्यात फोटो असणार. बुद्धिमापनवाला बिने, त्यानेही आधी तसंच धरलं होतं, पण खेळाडूंना विचारून त्याने 1894 मध्ये जे पुस्तक काढलं त्यात भलतंच निघालं. चांगल्या खेळाडूंना रंग, सोंगट्यांचे आकार काही दिसत नव्हतं, दिसत होता तो जोर: हा उंट तिथवर मारतो, या प्याद्याला दोघांचा आधार आहे, एवढंच. मला आमच्या पेडण्याकडचा दशावतार आठवला. तिथे लिहिलेली संहिता नसते, नटाला आख्यान माहीत असतं आणि संवाद उभ्या उभ्या सुचतात, कारण गोष्टीचा धागा हातात असतो. पटाचंही तसंच, प्रत्येक डाव एक वेगळं आख्यान. म्हणून तर हे लोक सुरुवातीलाच गट पाडतात, अमुक पटांवर राजाचं प्यादं, तमुक पटांवर वजिराचं, म्हणजे आख्यानं एकमेकांत मिसळत नाहीत. सगळ्यात कठीण असतात पहिल्या आठ-दहा चाली, जेव्हा सगळे डाव सारखेच दिसतात. नंतर प्रत्येकाला स्वतःचा चेहरा येतो.

आणि "एकाच वेळी" हेही पूर्ण खरं नाही. आमच्या गोव्याचे तबलावादक खाप्रुमाम पर्वतकर हातापायांनी वेगवेगळे ताल एकदम धरायचे, ते खरं एकाच वेळी. इथे पट एकेक करून येतो. एकावर चाल सांगितली की तो बाजूला ठेवून पुढचा उघडायचा, म्हणजे कस लागतो तो मागे ठेवलेला परत जसाच्या तसा उचलण्यात.

क्लासमध्ये सरांनी पाचपैकी चार जिंकले, एक बरोबरीत सोडला, घामाने शर्ट चिंब. ती चौथ्या पटावरची पोर हरली होती पण ऐकेना, म्हणाली आता मी भिंतीकडे बसते. सर म्हणाले बस, एकच डाव. अकरा चालींपर्यंत ठीक चाललं, बाराव्या चालीला तिचा एक उंट हरवला, म्हणजे तो कुठल्या घरात उभा आहे तेच तिला आठवेना. कॅलेंडरकडे बघत ती बराच वेळ गप्प बसली आणि शेवटी म्हणाली, "सर, उंट मारला की नाही तेवढं सांगा."