किवूमधील इबोला आणि लांबलेली घोषणा

साथ जाहीर केल्यास व्यापार बुडेल, ही भीती आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांइतकीच जुनी आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरल्यावर पुढच्याच वर्षी व्हेनिसमध्ये परिषद भरली, तेव्हा युरोपीय सरकारांना काळजी होती ती आपल्या बंदरांची. १९९४ मध्ये सुरतेच्या प्लेगनंतर काही देशांनी भारताची विमाने आणि माल अडवला. साथ कळवणाऱ्या देशाला नियमांचे संरक्षण नाही हे तेव्हा दिसले, आणि पुढच्या वर्षी नियम बदलण्याचा ठराव झाला. नवे नियम मात्र सार्सची साथ येऊन गेल्यावर, २००५ मध्ये संमत झाले.

या नियमांनुसार घटना असाधारण आहे का, ती सीमेपलीकडे पसरण्याचा धोका आहे का आणि तिला संयुक्त आंतरराष्ट्रीय प्रतिसाद लागू शकतो का, हे पाहून जागतिक आरोग्य संघटनेचे महासंचालक तज्ज्ञ समितीच्या सल्ल्याने आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी जाहीर करतात. पश्चिम आफ्रिकेतील इबोलाची खात्री मार्च २०१४ मध्ये होऊनही घोषणा ऑगस्टमध्ये झाली, म्हणून टीका झाली होती. तरी काँगोच्या पूर्वेकडील किवू भागात ऑगस्ट २०१८ मध्ये सुरू झालेल्या साथीबाबत तज्ज्ञ समितीने तीनदा नकार दिला. सशस्त्र संघर्षामुळे लसीकरण पथके गावांपर्यंत पोहोचत नव्हती, उपचार केंद्रांवर हल्ले होत होते, आणि जून २०१९ मध्ये रुग्ण युगांडातही सापडले होते. घोषणेतून हाती काही लागणार नाही, उलट सीमा बंद होऊन मदतच अडेल, असा युक्तिवाद तेव्हा समितीच्या वतीने मांडला गेला. ही भीती निराधार नव्हती. पण घोषणेचे परिणाम काय होतील हा प्रश्न वरील तीन निकषांत कुठेच बसत नाही, आणि निकष लावण्याऐवजी समितीने इतर देशांच्या गैरवर्तनाचा अंदाज बांधला, असेच म्हणावे लागते. रवांडाच्या सीमेवरील गोमा शहरात रुग्ण आढळल्यावर १७ जुलैला घोषणा झाली. तोवर १,६०० हून अधिक मृत्यू झाले होते.

जानेवारी २०२० मध्ये करोनाबाबत समितीत फूट पडली आणि निर्णय आठवडाभर लांबला. २०२२ मध्ये मंकीपॉक्सबाबत एकमत झालेच नाही, तरीही महासंचालकांनी आणीबाणी जाहीर केली. नियमांतील २०२४ च्या दुरुस्त्यांनी या आणीबाणीच्या वर महामारी आणीबाणीचा आणखी एक स्तर चढवला. आणीबाणीच्या अलीकडे इशाऱ्याचा मधला टप्पा असावा, ही सूचना मात्र वाटाघाटींत गळाली.