'द साउंड ऑफ म्युझिक'मागचा ऑस्ट्रिया

'द साउंड ऑफ म्युझिक' या अमेरिकी संगीतपटाच्या आरंभी पडद्यावर उमटणाऱ्या अक्षरांत हा काळ १९३०च्या दशकातील शेवटच्या सोनेरी दिवसांचा असल्याचे म्हटले आहे. कथा जिथे घडते त्या ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग शहराच्या बाबतीत ते वर्णन कितपत खरे होते, हा प्रश्न चित्रपट विचारत नाही, आणि १९६५ मध्ये तो विचारावा अशी प्रेक्षकांचीही अपेक्षा नव्हती. मात्र कथानायक कप्तान फॉन ट्रॅप याच्या घरातील मेजवानीत ऑस्ट्रियाचा ध्वज झळकतो आणि पुढे त्याच घरावर लावलेला नाझी ध्वज तो फाडून टाकतो, तेव्हा पहिला ध्वज कोणत्या राजवटीचा होता हे ठाऊक असल्याखेरीज दुसऱ्या कृतीचा अर्थ पुरता लागत नाही.

ध्वजाचे रंग प्रजासत्ताकाचेच होते, पण लोकशाही कधीच संपली होती. मार्च १९३३ मध्ये एका मतदानावरून झालेल्या वादात संसदेच्या तिन्ही अध्यक्षांनी एकापाठोपाठ राजीनामे दिले आणि तो पेच साधून चान्सलर डॉलफुस यांनी संसद पुन्हा भरूच दिली नाही. फेब्रुवारी १९३४ मध्ये व्हिएन्नातील कामगार वसाहतींवर सरकारी तोफा डागल्या गेल्या, सोशल डेमोक्रॅटिक पक्षावर बंदी आली, आणि १ मे रोजी कॅथलिक धर्माचा हवाला देणारी, एकपक्षीय कारभाराला मुभा देणारी राज्यघटना लागू झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये नाझींनी चान्सलरच्या कार्यालयात घुसून डॉलफुस यांची हत्या केली. यामुळे राजवटीला हुतात्मा लाभला आणि तिचे स्वतःचे स्वरूप पुष्कळांच्या नजरेआड झाले. ही राजवट जर्मनीतल्याइतकी क्रूर नव्हती, हे मान्य केले तरी चित्रपटात जी स्वतंत्र आणि निरागस मायभूमी गायली जाते, ती या वर्णनात कुठेच बसत नाही.

साल्झबुर्गची गोष्ट आणखी वेगळी होती. सीमेला लागून असलेल्या या प्रांतात मे १९२१ मध्ये घेतलेल्या मतचाचणीत सुमारे ९९ टक्के लोकांनी जर्मनीशी एकत्र येण्याच्या बाजूने कौल दिला होता, जरी १९१९च्या तहाने अशा विलीनीकरणाला मनाई केली होती. १९३३ मध्ये जर्मन सरकारने ऑस्ट्रियाला जाणाऱ्या आपल्या नागरिकांवर १,००० मार्कांचा कर बसवला, तेव्हा पर्यटनावर जगणाऱ्या या शहराचे कंबरडे मोडले. तो कर १९३६च्या समझोत्यानंतर उठला. सोनेरी दिवस असलेच, तर ते संगीत महोत्सवाला येणाऱ्या श्रीमंत परदेशी पाहुण्यांपुरते होते.

या काळातील सर्वांत वादग्रस्त निर्णय चित्रपटात येतच नाही. डॉलफुस यांच्यानंतर आलेले चान्सलर शुशनिग यांना १२ फेब्रुवारी १९३८ रोजी जर्मनीतील बेर्खटेसगाडेन येथे बोलावून हिटलरने धमकावले आणि गृहखाते नाझीधार्जिण्या माणसाकडे सोपवायला भाग पाडले. त्याला उत्तर म्हणून शुशनिग यांनी ९ मार्चला इन्सब्रुक येथे जाहीर केले की, येत्या रविवारी, म्हणजे १३ मार्चला, देशाच्या स्वातंत्र्यावर सार्वमत घेतले जाईल. मधे जेमतेम चार दिवस उरले होते. १९३० नंतर देशव्यापी निवडणूक झालेली नसल्याने मतदारयाद्या जुन्या होत्या. मतदानाचे किमान वय २४ ठेवले गेले, कारण नाझींचा जोर तरुणांत होता. केंद्रांवर फक्त 'होय' छापलेल्या मतपत्रिका मिळणार होत्या आणि 'नाही' म्हणणाऱ्याने तेवढ्याच आकाराच्या कागदावर तो शब्द स्वतः लिहून आणायचा होता. ज्या घोषणेला संमती मागितली जात होती, तीत स्वतंत्र ऑस्ट्रियाला 'जर्मन' आणि 'ख्रिस्ती' ही विशेषणे जोडलेली होती. म्हणजे देश वाचवण्याच्या या अखेरच्या हाकेतही त्या देशाच्या ज्यू नागरिकांना स्पष्ट जागा नव्हती.

हे सार्वमत झाले असते तर निकाल काय लागला असता, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. शुशनिग जिंकले असते असे अनेकांना वाटते, आणि हिटलरच्या उतावळेपणाचे कारणही तेच असावे. ११ मार्चला बर्लिनहून दूरध्वनीवरून निर्वाणीचे इशारे येऊ लागले, सार्वमत रद्द झाले, संध्याकाळी शुशनिग यांनी नभोवाणीवरून राजीनामा जाहीर केला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे जर्मन फौजा प्रतिकाराविना आत शिरल्या. सार्वमताच्या गैरव्यवस्थेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याहून मोठा दोष प्रस्तुत लेखकाला वेळेचा वाटतो. नाझींविरुद्ध रस्त्यावर उतरू शकणारा संघटित कामगारवर्ग १९३४ मध्ये याच राजवटीने चिरडला होता, आणि त्याच्या भूमिगत प्रतिनिधींशी बोलणी सुरू झाली ती शेवटच्या काही दिवसांत. १९३४ मध्ये ऑस्ट्रियासाठी ब्रेनर खिंडीकडे सैन्य हलवणारा मुसोलिनीही आता हिटलरचा मित्र झाला होता.

त्यानंतर १० एप्रिलला नाझींनी स्वतःचे सार्वमत घेतले. ज्यूंना आणि विरोधकांना वगळून घेतलेल्या त्या मतदानात ९९.७ टक्के 'होय' मोजले गेले. दहशत होती हे खरे, पण पहिल्या प्रजासत्ताकाच्या पहिल्या चान्सलरने, जो स्वतः सोशल डेमोक्रॅट होता, आपण 'होय' म्हणणार असे जाहीर केले होते आणि कॅथलिक बिशपांनीही तसे आवाहन केले होते. मोटारींचे सुटे भाग लपवून नाझींना चकवणाऱ्या मठवासिनी पडद्यावर पाहताना बिशपांचे हे पत्रक आठवल्याशिवाय राहत नाही.

ज्या खऱ्या ट्रॅप कुटुंबावर चित्रपट बेतला आहे, त्याची हकिगत थोडक्यात पुरे. कप्तान आणि मारिया यांचा विवाह १९२७ मध्येच झाला होता, १९३५ मध्ये बँक बुडाल्याने संपत्ती गेली आणि गाणे हा चरितार्थाचा मार्ग बनला. १९३८ मध्ये हे कुटुंब डोंगर ओलांडून नव्हे, तर आगगाडीने इटलीला गेले. कप्तानाचे जन्मगाव झादर पहिल्या महायुद्धानंतर इटलीकडे गेल्याने त्याला तिथले नागरिकत्व मिळालेले होते. साल्झबुर्गजवळचा उंटर्सबर्ग चढून कोणी पलीकडे उतरलाच, तर तो जर्मनीत, बेर्खटेसगाडेनच्या परिसरात पोचतो.

१९५९च्या रंगभूमीवरील संगीतिकेत राजकारणाला यापेक्षा अधिक जागा होती. तिथे कप्तान आणि व्हिएन्नातील धनवंत स्त्री यांचे ठरलेले लग्न मोडते ते नाझींशी जुळवून घ्यावे की नाही या मतभेदावरून, आणि तडजोडीची वकिली करणारे एक उपरोधिक गाणेही आहे. चित्रपटात ते गाणे गळले आणि लग्न मोडण्याचे कारण प्रेमापुरते उरले. पटकथा त्यामुळे बांधेसूद झाली हे नाकारता येत नाही. पण सुसंस्कृत, हुशार, मनाने दुष्ट नसलेली माणसे जुळवून कशी घेतात, हे दाखवणारा प्रसंग गेला आणि नाझी म्हणजे तारवाला पोरगा, घरचा बटलर आणि एक कडवट अधिकारी एवढेच शिल्लक राहिले.

१९६४ मध्ये चित्रीकरणासाठी साल्झबुर्गच्या रेसिडेन्झ चौकात स्वस्तिकाचे झेंडे लावण्यास शहराच्या अधिकाऱ्यांनी आधी नकार दिला. मग आम्ही १९३८ची खरी वृत्तचित्रे वापरू, असे निर्मात्यांकडून सुचवले गेल्यावर परवानगी मिळाली, असे सांगितले जाते. खऱ्या वृत्तचित्रांत जल्लोष करणारी गर्दी दिसली असती. चित्रपटात चौक जवळजवळ रिकामा आहे. याच चौकात ३० एप्रिल १९३८ रोजी पुस्तकांची होळी झाली होती. घरामागच्या तळ्याची दृश्ये जिथे घेतली, त्या लिओपोल्डस्क्रोन तळ्याकाठचा वाडा महोत्सवाच्या एका ज्यू संस्थापकाचा होता आणि तो नाझींनी १९३८ मध्ये जप्त केला होता.

पश्चिम जर्मनीत वितरकाच्या म्युनिकमधील प्रमुखाने चित्रपट लग्नापाशीच संपवला. म्हणजे शेवटचा सुमारे एक तृतीयांश भाग, आणि त्याबरोबर नाझी, कापले गेले. अमेरिकेतील स्टुडिओने तो भाग परत जोडायला लावला, तरी चित्रपट चालला नाही. ऑस्ट्रियातही तो लवकरच उतरला. याचे कारण सांगताना कुटुंबावरचे १९५० च्या दशकातील जर्मन चित्रपट लोकांनी आधीच पाहिले होते, याकडे बोट दाखवले जाते, आणि ते खरे आहे. पण त्या चित्रपटांत राजकारण सौम्य होते, हेही सांगायला हवे. १९४३च्या मॉस्को जाहीरनाम्यात दोस्त राष्ट्रांनी ऑस्ट्रियाला हिटलरचा पहिला बळी म्हटले होते. त्याच जाहीरनाम्यातील, युद्धातील सहभागाची जबाबदारी ऑस्ट्रियावरही टाकणारे वाक्य बाजूला ठेवून तेवढाच भाग युद्धोत्तर सरकारांनी दशकानुदशके मिरवला. गंमत अशी की अमेरिकी चित्रपट नेमका याच भूमिकेला सोयीचा होता, तरीही तो तिथे नकोसा झाला.

१९८६ मध्ये अध्यक्षपदाच्या उमेदवाराच्या युद्धकालीन सेवेवरून वादळ उठले आणि जुलै १९९१ मध्ये चान्सलरने संसदेत नाझी गुन्ह्यांतील ऑस्ट्रियन लोकांच्या सहभागाची कबुली दिली. त्यानंतर ही संगीतिका २००५ मध्ये व्हिएन्नाच्या फोक्सओपरमध्ये आली. साल्झबुर्गच्या स्वतःच्या नाट्यगृहात ती रंगायला २०११ साल उजाडले. चित्रपटाच्या जागा दाखवणाऱ्या बसगाड्या मात्र त्या शहरात त्याआधी कितीतरी वर्षे रोज फिरत होत्या, आणि त्यांत ऑस्ट्रियन प्रवासी क्वचितच असत.