स्नायूतले पट्टे: सूक्ष्मदर्शकापासून बायोप्सीपर्यंत

ऐच्छिक स्नायूच्या तंतूवरचे आडवे पट्टे डच सूक्ष्मदर्शककार लेव्हेनहूक यांनी सतराव्या शतकातच पाहिले होते. विल्यम बोमन यांनी १८४० मध्ये लंडनला त्यांचं आणि तंतूच्या आवरणाचं बारकाईने वर्णन केलं. पुढे व्हिएन्नाच्या ब्र्यूके यांनी ध्रुवित (एकाच प्रतलात कंप पावणारा) प्रकाश वापरला आणि गडद 'ए' पट्टा फिक्या 'आय' पट्ट्यापेक्षा वेगळ्या रचनेचा असल्याचं दाखवलं.

स्नायू आखडताना 'आय' पट्टा अरुंद होतो, 'ए' मात्र तेवढाच राहतो, हेही एकोणिसाव्या शतकातल्या काही निरीक्षकांनी टिपलं होतं. पण ते मागे पडलं आणि प्रथिनं घडी पडून आखूड होतात ही समजूत रूढ झाली. या एका निरीक्षणाकडे दुर्लक्ष झाल्याने अर्धं शतक वाया गेलं, असं म्हणायला हरकत नाही. २२ मे १९५४ च्या 'नेचर'मध्ये दोन निबंध शेजारी शेजारी आले. ॲन्ड्र्यू हक्सली आणि निडरगेर्क यांचा बेडकाच्या जिवंत तंतूंवर, तर ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा सशाच्या सुट्या मायोफायब्रिलवर (तंतूच्या आतल्या बारीक दोऱ्यांवर). (दोन्ही हक्सलींचं एकमेकांशी नातं नाही.) निष्कर्ष एकच होता: ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे तंतुक, म्हणजे अतिसूक्ष्म धागे, आखूड होत नाहीत, एकमेकांवरून सरकतात.

१९६६ मध्ये या सरकण्याच्या कल्पनेला आकडे मिळाले. बेडकाच्या तंतूत सार्कोमियरची (पट्ट्यांच्या एका पुनरावर्ती एककाची) लांबी २.० ते २.२ मायक्रोमीटर असताना जोर सर्वाधिक असतो, आणि ३.६५ च्या आसपास तंतुक एकमेकांवर येतच नाहीत म्हणून तो शून्य होतो. कंडरा-स्थलांतराच्या शस्त्रक्रियेत (चालत्या स्नायूची कंडरा दुसऱ्या जागी जोडताना) ताण ठरवायला हेच गणित लागू पडतं. कंडरा फार ताणून शिवली किंवा सैल ठेवली, तर धडधाकट स्नायूही दुबळा पडतो. वेल्लोरला शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोगाने वाकलेल्या बोटांसाठी अशा शस्त्रक्रिया केल्या, तिथे हा ताण कळीचा होता.

आजाराच्या बाजूने पाहिलं तर फ्रेंच डॉक्टर ड्यूशेन यांनी १८६० च्या दशकातच जिवंत रुग्णाच्या स्नायूचा तुकडा सुईने काढून तपासला होता. त्यांच्या नावाच्या, मुलांचे स्नायू झिजवणाऱ्या आजारात जे प्रथिन नसतं ते, म्हणजे डिस्ट्रोफिन, सापडायला मात्र १९८७ उजाडलं. ते तंतूच्या आतल्या सांगाड्याला आवरणाशी बांधून ठेवतं. ते नसलं की प्रत्येक आकुंचनात आवरण फाटतं, कॅल्शियम आत शिरतं, तंतू मरतो आणि रक्तातलं सीके (स्नायूतून गळणारं क्रिएटिन कायनेज हे एन्झाइम) प्रचंड वाढतं. डिस्ट्रोफिनला चिकटणाऱ्या प्रतिपिंडाने रंगवलेल्या निरोगी स्नायूच्या काचपट्टीवर प्रत्येक तंतूभोवती अखंड कडा दिसते. ड्यूशेनमध्ये ती जवळपास सगळीकडे गायब असते, बेकर या त्याच्याच सौम्य प्रकारात फिकी किंवा तुटक. आता संशयित मुलाची आधी जनुकचाचणी होते, आणि तिने उलगडा झाला नाही तर बायोप्सी.

बायोप्सी बहुतेक वेळा बिघडते ती शस्त्रक्रियागृह ते प्रयोगशाळा या वाटेवर. फॉर्मलिनमध्ये टाकलेल्या तुकड्यावर एन्झाइमचे रंग चालत नाहीत. सलाइनमध्ये बुडवला तर तो पाणी पितो, म्हणून जेमतेम ओलसर गॉजमध्ये गुंडाळून लगेच पाठवावा. गोठवायचा तो द्रव नायट्रोजनने सुमारे उणे १५० अंश सेल्सियसपर्यंत थंड केलेल्या आयसोपेन्टेन या द्रवात. थेट नायट्रोजनमध्ये टाकल्यास तुकड्याभोवती वायूचं कवच तयार होतं, गोठणं मंदावतं आणि बर्फाचे स्फटिक तंतूंना भोकं पाडतात. ही भोकं नवख्या डोळ्याला आजाराच्या पोकळ्या वाटू शकतात. जागा निवडताना पूर्ण क्षीण झालेला स्नायू टाळावा, कारण त्यात चरबी आणि चट्टाच हाती लागतो. नुकतीच ईएमजीची (स्नायूच्या विद्युत-तपासणीची) सुई टोचलेला स्नायूही नको.