कॉन्टिनेंटल आर्मीचा रसदपुरवठा आणि कारभार (१७७५–१७८३)

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात तेरा वसाहतींच्या काँग्रेसने (प्रतिनिधींच्या सभेने) जी फौज उभारली तिला धान्य, मांस, कपडे, दारूगोळा, वैरण, औषधं आणि पगार पोचवणारी, आणि त्या सगळ्याचे हिशोब ठेवणारी यंत्रणा कशी चालली (खरं तर बऱ्याचदा कशी अडली) याची ही नोंद. लढायांची माहिती इतरत्र भरपूर मिळते, त्यामुळे लढाया इथे फक्त गरजेपुरत्या येतात.

सुरुवात नेमकी कधीची

फौजेची स्थापना १४ जून १७७५ ची असं सगळीकडे छापलेलं असतं आणि अमेरिकन लष्कर आजही तोच वाढदिवस मानतं. पण त्या दिवशीच्या काँग्रेसच्या नोंदवहीत जो ठराव स्पष्ट दिसतो तो फक्त रायफलवाल्यांच्या दहा कंपन्यांचा आहे, सहा पेनसिल्व्हेनियाच्या, दोन मेरीलँडच्या आणि दोन व्हर्जिनियाच्या. बोस्टनला वेढा घालून बसलेली न्यू इंग्लंडची हजारो माणसं काँग्रेसने त्याच दिवशी आपल्या पदरात घेतली की आसपासच्या दिवसांत केव्हातरी, हे तिथे सरळ शब्दांत लिहिलेलं नाही, सदस्यांच्या पत्रांवरून आणि पुढच्या ठरावांवरून ते ताडावं लागतं. दुसऱ्या दिवशी जॉर्ज वॉशिंग्टनची सरसेनापती म्हणून निवड झाली आणि १६ जूनला कारभाराची पदं निघाली: क्वार्टरमास्टर जनरल (वाहतूक आणि छावणी), कमिसरी जनरल (अन्नपुरवठा), अ‍ॅडज्युटंट जनरल (हुकूम आणि नोंदी), पेमास्टर जनरल (पगार) वगैरे. त्यामुळे काही जण पुरवठा खात्याचा जन्म १६ जूनचा धरतात. पण पद निघणं वेगळं आणि त्यावर माणूस बसणं वेगळं. जोसेफ ट्रम्बुल कमिसरी जनरल झाला १९ जुलैला, थॉमस मिफ्लिन क्वार्टरमास्टर जनरल झाला १४ ऑगस्टला, आणि तोवर बोस्टनसमोरच्या शिपायांना आपापल्या वसाहतीच्या कमिट्याच खाऊ घालत होत्या. ट्रम्बुल हा मुळात कनेक्टिकटच्या तुकड्यांचाच कमिसरी, गव्हर्नरचा मुलगा, त्याचं काम चांगलं चाललंय हे पाहून वॉशिंग्टनने त्याची शिफारस केली. म्हणजे सप्लायपुरतं बोलायचं तर जुलै-ऑगस्ट १७७५ ही तारीख जास्त पटते.

खाती आणि माणसं

ढोबळ वाटणी अशी की खाण्यापिण्याचं सगळं कमिसरीकडे, आणि वाहतूक, छावणी, तंबू, घोडे, बैल, गाड्या, वैरण, रस्ते, होड्या हे क्वार्टरमास्टरकडे. कपड्यांसाठी पुढे क्लोदिअर जनरल नेमला. तोफा आणि दारूगोळ्याची बाजू हेन्री नॉक्सने सांभाळली, ज्याने १७७५-७६ च्या हिवाळ्यात टिकॉन्डेरोगाच्या किल्ल्यातल्या साठ-एक तोफा बर्फावरून घसरगाड्यांवर ओढत बोस्टनपर्यंत आणल्या. या सगळ्यांवर देखरेखीला जून १७७६ मध्ये काँग्रेसने जॉन अ‍ॅडम्सच्या अध्यक्षतेखाली बोर्ड ऑफ वॉर बसवलं. ते पाच सभासदांचं, तेही बाकी डझनभर कमिट्यांवर असलेले, त्यामुळे देखरेख बेताचीच.

वैद्यकीय खात्याची कथा भांडणांचीच आहे. पहिला डायरेक्टर बेंजामिन चर्च शत्रूशी पत्रव्यवहार केल्याबद्दल पकडला गेला आणि पुढचे दोघे, मॉर्गन आणि शिपेन, एकमेकांवर आरोप करत राहिले. एक गोष्ट मात्र नीट झाली, १७७७ च्या सुरुवातीला वॉशिंग्टनने शिपायांना देवी टोचून घ्यायचा हुकूम काढला. जेनरच्या लशीच्या आधीची ही पद्धत, रोग्याच्या फोडातला द्रव निरोग्याच्या कातडीत घालायची, जोखमीची होती तरी फौज त्यामुळे वाचली असं बहुतेकांचं मत आहे.

शिधा, पीठ आणि पाव

४ नोव्हेंबर १७७५ च्या ठरावाप्रमाणे रोज माणशी एक पौंड (साधारण ४५० ग्रॅम) गोमांस, किंवा पाऊण पौंड डुकराचं मांस, किंवा एक पौंड खारवलेला मासा, सोबत एक पौंड पाव किंवा पीठ, आणि एक पाइंट (साधारण अर्धा लिटर) दूध. आठवड्याला तीन पाइंट वाटाणे किंवा घेवड्याच्या बिया, आणि अर्धा पाइंट तांदूळ किंवा एक पाइंट मक्याचं पीठ. प्यायला रोज एक क्वार्ट (दोन पाइंट) स्प्रूस बिअर किंवा सफरचंदाची सायडर. शंभर माणसांमागे आठवड्याला तीन पौंड मेणबत्त्या, शिवाय साबण. हे सगळं कागदावर. दूध आणि भाज्या छावणी हलली की गायब व्हायच्या, उरायचं ते मांस आणि पीठ, आणि वाईट दिवसांत फक्त पीठ. मग पाणी घालून मळायचं आणि दगडावर नाहीतर राखेत भाजायचं, त्याला शिपाई फायरकेक म्हणायचे.

‘एक पौंड पाव किंवा पीठ’ हे दिसायला साधं वाटतं पण यात मोठी मेख होती. पिठात पाणी पडतं, त्यामुळे पाव वजनाला पिठापेक्षा भारी भरतो, शंभर पौंड पिठातून सुमारे एकशे पस्तीस पौंड पाव निघतो. शंभर पौंड पीठ घ्यायचं आणि शंभर पौंड पाव द्यायचा असा सौदा असेल तर वरचा सगळा माल भटारखानेवाल्याच्या घरात. मे १७७७ मध्ये काँग्रेसने क्रिस्टोफर लुडविक या जर्मन वंशाच्या फिलाडेल्फियाच्या बेकरला फौजेच्या भटारखान्यांचा प्रमुख नेमलं. त्याला असाच सौदा देऊ केला तेव्हा ‘मला युद्धावर श्रीमंत व्हायचं नाही’ असं म्हणून त्याने पूर्ण एकशे पस्तीस पौंड द्यायचं कबूल केलं, असा किस्सा सांगतात. शब्द तेच असतील असं नाही, हिशोब मात्र बरोबर आहे.

मांसाचं वेगळंच. गुरं न्यू इंग्लंडमधून पायी हाकत आणायची, आणि न्यूयॉर्क शहर ब्रिटिशांच्या हातात असल्याने हडसन नदी वरच्या अंगाला ओलांडायची. पीठ उलटं पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी आणि मेरीलँडकडून यायचं. खारवलेलं मांस पिंपांत मिठाच्या पाण्यात भरलेलं असे, आणि गाडीवान ओझं हलकं करायला वाटेत ते पाणी चक्क ओतून द्यायचे, मग छावणीत पोचायचं ते सडकं मांस. मिठाची टंचाई कायमची, कारण पूर्वी मीठ बाहेरून यायचं आणि आता समुद्रावर ब्रिटिश आरमार.

१७७७ ची फेररचना आणि व्हॅली फोर्ज

अभ्यासकांचा खरा वाद इथे आहे. १० जून १७७७ ला काँग्रेसने कमिसरी खात्याचे दोन तुकडे केले, एक खरेदीचा आणि एक वाटपाचा. अफरातफर होते, भाव फुगवले जातात असा संशय होता आणि तो अगदीच निराधार नव्हता. त्यासाठी नियमांचं मोठं बाड निघालं. खरेदी केलेल्या प्रत्येक जनावराचा रंग आणि अंगावरच्या खुणासुद्धा वहीत लिहायच्या, म्हणजे हजारो गुरं हाकत नेणाऱ्या माणसाने प्रत्येक बैलाचं वर्णन करत बसायचं. वर हाताखालची मोठी माणसं नेमायचा अधिकार काँग्रेसने स्वतःकडे ठेवला आणि ट्रम्बुल कमिशन मागत होता तेही नाकारून पगारच ठेवला. ज्याच्यावर जबाबदारी त्यालाच माणसं ठेवायचा-काढायचा हक्क नाही तर काम कसं करायचं, असं म्हणून त्याने ऑगस्टमध्ये खातं सोडलं, आणि त्याची बरीच अनुभवी माणसंही गेली. त्याच्या जागी आलेल्या विल्यम ब्युकॅननला ते झेपलं नाही. ऑक्टोबरमध्ये मिफ्लिननेही राजीनामा दिला आणि क्वार्टरमास्टरची खुर्ची मार्च १७७८ पर्यंत जवळजवळ रिकामीच राहिली, तीही नेमकी हिवाळ्यात.

१९ डिसेंबर १७७७ ला फौज पेनसिल्व्हेनियातल्या व्हॅली फोर्जला मुक्कामाला आली, अकरा-बारा हजार माणसं, बारा-बारा जणांसाठी चौदा बाय सोळा फुटांच्या लाकडी झोपड्या. चारच दिवसांनी वॉशिंग्टनने काँग्रेसला लिहिलं की पायात बूट नाहीत, अंगावर कपडे नाहीत म्हणून २,८९८ माणसं कामाच्या लायक नाहीत, आणि असंच चाललं तर फौज उपाशी मरेल, मोडेल नाहीतर पांगेल. त्या मुक्कामात सुमारे दोन हजार माणसं गेली, बहुतेक आजाराने आणि बरीच वसंत ऋतूत, म्हणजे थंडीने गोठून मेले हे लोकप्रिय चित्र तितकंसं खरं नाही. घोडे मात्र वैरणीवाचून शेकड्यांनी मेले.

मग दोष कुणाचा? जुन्या लिखाणात शेतकऱ्यांची हाव आणि ठेकेदारांची चोरी हेच उत्तर मिळतं. नंतरच्या काही अभ्यासकांनी वॉशिंग्टनच्या पत्रांकडेही जरा सावधपणे पाहायला सांगितलं, काँग्रेसला हलवायला त्याने रंग थोडा गडद केला असावा असं त्यांचं म्हणणं, आणि ते अगदी उडवून लावता येत नाही. पण देशात धान्य होतं आणि गुरंही होती, ती छावणीपर्यंत आणायला गाड्या, गाडीवान आणि ते बघायला अधिकार असलेला माणूस नव्हता, हे मत कागदपत्रांशी सगळ्यात जास्त जुळतं.

ग्रीन आणि कमिशनचा प्रश्न

मार्च १७७८ मध्ये नॅथॅनिएल ग्रीन क्वार्टरमास्टर जनरल झाला, तोही कुरकुरत. इतिहासात क्वार्टरमास्टरचं नाव कुणी ऐकलंय का, हे त्याचंच म्हणणं. त्याने आणि त्याच्या दोन सहायकांनी, कॉक्स आणि पेटिट यांनी, खर्चाच्या एक टक्का कमिशन आपसात सारखं वाटून घ्यायचं ठरलं. कमिसरीकडे जेरेमाया वॅड्सवर्थ आला, तोही कमिशनवर. गाड्या धावायला लागल्या, कोठारं भरली, त्या वर्षी फौज नीट जेवली. पण जेवढा खर्च जास्त तेवढं कमिशन जास्त, हे कुणाच्याही डोळ्यावर येणारच. त्यात ग्रीन आणि वॅड्सवर्थ यांची बार्नाबस डीनच्या नावाने चालणाऱ्या पेढीत गुपचूप भागीदारी होती आणि त्याबद्दलची पत्रं ते सांकेतिक भाषेत लिहायचे. त्या काळात अधिकाऱ्याने खाजगी व्यापार करणं बेकायदेशीर नव्हतं, तरी लपवलं याचा अर्थ त्यांनाही ते बरं दिसणार नाही हे कळत होतं.

पैसा

काँग्रेसला कर बसवायचा अधिकारच नव्हता, म्हणून ती नोटा छापत गेली, जून १७७५ च्या वीस लाख डॉलरपासून १७७९ अखेरपर्यंत वीस कोटींच्या घरात. मार्च १७८० मध्ये खुद्द काँग्रेसनेच चाळीस कागदी डॉलरला एक चांदीचा असा भाव मान्य केला. त्याच सुमाराला प्रत्येक राज्याने पैशाऐवजी ठरलेलं मांस, पीठ, रम, वैरण द्यायची अशी योजना आली, पण तो माल फौजेपर्यंत आणायचा खर्च कुणाचा हे कुणी धड बघितलं नाही, त्यामुळे माल जागच्या जागी कुजला. मॉरिसटाउनचा १७७९-८० चा हिवाळा व्हॅली फोर्जपेक्षा वाईट होता. तिथे वॉशिंग्टनने न्यू जर्सीच्या प्रत्येक काउंटीला गुरं आणि धान्याचा कोटा ठरवून दिला, स्वखुशीने दिलंत तर ठीक नाहीतर फौज घेऊन जाईल, आणि लोकांनी दिलं. १ जानेवारी १७८१ ला पेनसिल्व्हेनियाच्या पलटणींनी थकलेला पगार आणि भरतीची मुदत यावरून बंड केलं. तरी फितवायला आलेल्या ब्रिटिश हेरांना त्यांनीच पकडून दिलं.

त्या वर्षी रॉबर्ट मॉरिस अर्थखात्यावर आला आणि त्याने दर शिध्यामागे ठरावीक भावाने कॉन्ट्रॅक्ट द्यायला सुरुवात केली. यॉर्कटाउनला (व्हर्जिनियातल्या शेवटच्या मोठ्या लढाईला) निघालेल्या शिपायांना रोख पगार द्यायला त्याने फ्रेंच सेनापती रोशांबोकडून वीस हजार डॉलर उसने घेतले. कॉन्ट्रॅक्ट स्वस्त पडली, मालाबद्दल तक्रारी मात्र भरपूर झाल्या, आणि फ्रेंच फौज चांदीत पैसे मोजत असल्याने शेतकरी चांगला माल तिकडेच विकायचे.

बारूद, कपडे आणि इतर

पहिल्या अडीच वर्षांतली नव्वद टक्क्यांच्या आसपास बारूद बाहेरून आलेली किंवा आयात सोऱ्यापासून केलेली होती असा एक जुना हिशोब आहे. फ्रान्सचा माल नाटककार बोमार्शेच्या नावापुरत्या व्यापारी पेढीमार्फत यायचा, काही सेंट युस्टेशिअस या डच बेटावरून. १७७८ मध्ये फ्रान्समधून तपकिरी आणि निळे कोट आले तेव्हा कुठल्या राज्याला कुठला रंग हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं. कापलेल्या गुरांची कातडी देऊन बदल्यात बूट घ्यायची व्यवस्थाही होती.

दक्षिणेकडच्या फौजेचे कागद तुटक आहेत. १७८० मध्ये साउथ कॅरोलायनातल्या कॅमडेनकडे जाणारी जनरल गेट्सची माणसं कच्चा मका आणि हिरवी पीच खात गेली, पुढे ग्रीन दक्षिणेचा सेनापती झाला तेव्हा त्याचा क्वार्टरमास्टर एडवर्ड कॅरिंग्टनने नद्यांची पाहणी करून होड्या गोळा केल्या म्हणून फौज ब्रिटिशांच्या हातून डॅन नदीपार निसटली. छावणीत धुणं-शुश्रूषा करणाऱ्या बायकांची नोंद शिध्याच्या वादापुरतीच सापडते. पंधरा पुरुषांमागे एकीलाच शिधा ही मर्यादा वॉशिंग्टनला पटली नव्हती, त्याचं म्हणणं की ती पाळली तर जुने चांगले शिपाई सोडून जातील. नोव्हेंबर १८०० मध्ये युद्धखात्याच्या कचेरीला लागलेल्या आगीत बरेच लष्करी कागद जळाले, त्यामुळे खालच्या पातळीवरच्या वाटपाचे हिशोब आज तुकड्यातुकड्यांत मिळतात.

जून १७८३ मध्ये बहुतेक शिपायांना रजेवर म्हणून घरी पाठवलं, हातात मॉरिसच्या सहीच्या नोटा, आणि उरलेल्या बाकीची सर्टिफिकेटं नंतर. गरजेपोटी अनेकांनी ती सर्टिफिकेटं मातीमोल भावाने विकली, आणि १७९० मध्ये अर्थमंत्री हॅमिल्टनच्या योजनेने सरकारने ती पूर्ण किमतीत मान्य केली तेव्हा फायदा बहुतांशी सटोडियांचा झाला.